खांब सहाशे मीटरवर, नियम पाचशेचा: खानापूर तालुक्यातल्या एका सौरपंपाचं प्रकरण

हे प्रकरण ज्या कुटुंबाचं आहे त्यांना विचारून लिहितो आहे. गावाचं, माणसांचं आणि पंप बसवणाऱ्या कंपनीचं नाव गाळलं आहे. आकडे त्यांच्या आणि माझ्या वहीतले आहेत, थोडे गोळाबेरीज करून घेतलेले. गावातल्या लोकांना कन्नडमधून आलेले कागद मराठीत वाचून दाखवणं आणि त्यांचे अर्ज भरून देणं, हे काम मी बरीच वर्षं करतो. या प्रकरणात सुरुवातीपासून मी होतो, त्यामुळे काही चुका माझ्याही आहेत. त्या जागच्या जागी लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, कणकुंबीच्या अंगाचा. मलप्रभा याच डोंगरात उगम पावते. आषाढात इथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि मार्च उजाडला की बाया घागरी घेऊन ओढ्यातल्या झऱ्यावर रांग लावतात. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, पडलं तेवढं खाली निघून जातं. हे मुद्दाम सांगतो, कारण 'तुमच्याकडं एवढा पाऊस, तुम्हाला पाण्याची काय कमी' असं जिल्ह्याच्या कोरड्या भागातले, अथणी-रायबागचे पाहुणे नेहमी म्हणतात.

कुटुंबात आई, दोन भाऊ आणि सीमेपलीकडं चंदगड तालुक्यात दिलेली बहीण. तिला सगळे आक्का म्हणतात. जमीन साडेचार एकर: खाली भाताची खाचरं, वरच्या माळावर रताळी, बांधाकडंला काजू. थोरल्यांनी २०१७ साली २८० फुटांची बोअर मारली आणि पुढच्या वर्षी एक एकर ऊस लावला. धाकटा गोव्यात कंपनीत होता. कोरोनात काम सुटलं, तो २०२० ला घरी आला आणि त्यानं उन्हाळी भुईमूग आणि मिरची धरायला सुरुवात केली. माणूस वाढला, पिकं वाढली, बोअर तीच राहिली.

विजेचा सर्वांत जवळचा खांब शेतापासून सहाशे वीस मीटरवर. म्हणून शेजाऱ्याच्या टीसीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) केबल ओढली होती, बांधाबांधानं, काही ठिकाणी नुसती गवतावर टाकलेली. एवढ्या लांब केबलवर व्होल्टेज पडतो, मोटर तापते. दोन वर्षांत मोटर दोनदा जळाली, दोनदा रिवाइंडिंगला खानापूरला नेली. कनेक्शन अर्थातच कागदावर नव्हतं. इथं असं करणारे हे एकटे नव्हेत. राज्यात असे अनधिकृत पंप साडेचार लाखांच्या घरात असल्याचं तेव्हा खुद्द ऊर्जा खात्यानंच सांगितलं होतं.

२०२३ ला पाऊस रुसला. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटकात २३६ पैकी २२३ तालुके टप्प्याटप्प्यानं दुष्काळी जाहीर झाले. धरणं भरली नाहीत म्हणून शरावती, काळी या नद्यांवरची जलवीज आखडती घ्यावी लागली, आणि पाऊस नसल्यामुळं पावसाळ्यातच सगळ्या शिवारातल्या मोटरी सुरू झाल्या. एकीकडं वीज कमी, दुसरीकडं मागणी जास्त. ऑक्टोबरमध्ये शेतीपंपांची थ्री फेज सात तासांवरून पाच तासांवर आली. शेजाऱ्यानं तेव्हा थोरल्यांना स्पष्ट सांगितलं, "दादा, माझ्याच उसाला पुरंना झालंय, तुम्हाला कुठनं देऊ?" त्याचं काही चुकलं नाही. केबल गुंडाळून घरी आणली.

त्या हंगामात बोअरची मोटर भाड्याच्या जनरेटरवर चालवली. तासाला साधारण दोन लिटर डिझेल. एकशे दहा तासांचा हिशोब वहीत आहे, म्हणजे दोनशे वीस लिटर. लिटरला पंच्याऐंशी-नव्वद रुपये धरले तरी एकोणीस-वीस हजार नुसतं तेल, भाडं वेगळं. एक लिटर डिझेल जळलं की पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशोबानं सहाशे किलोच्या आसपास. थोरल्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वायूचं बघू नंतर, वीस हजाराचं आधी सांगा."

नेमका प्रश्न

जानेवारी २०२४ मध्ये थोरले आणि मी वीज कार्यालयात गेलो. घरच्या विजेचं बिल गृहज्योती योजनेमुळं ऑगस्ट २०२३ पासून शून्य येत होतं. दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाची वीज कर्नाटकात आधीपासूनच मोफत. तेव्हा अर्ज केला की खांब येईल, अशीच कुटुंबाची समजूत होती.

तिथं कळलं की वीज मोफत असली तरी खांब, तार आणि टीसी आता मोफत राहिलेली नाहीत. २२ सप्टेंबर २०२३ पर्यंत नोंद झालेले अनधिकृत पंप सरकार नियमित करणार. त्यानंतर नवं कनेक्शन हवं असेल तर लाईनचा खर्च शेतकऱ्याचा. आणि शेत लाईनपासून ५०० मीटरपेक्षा लांब असेल तर सौरपंप घ्यावा, त्याला केंद्राचे ३० टक्के, राज्याचे ५० टक्के, शेतकऱ्याचे २०.

थोरले पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "तारीख होती? आम्हाला कुणी सांगितली?"

मला या प्रकरणात सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच. त्यांच्या घरात मराठी बातम्या रोज लागतात, कोल्हापूर आणि मुंबईच्या. महाराष्ट्रात कुणाला किती अनुदान आहे, हे घरातल्या पोरालाही पाठ. ज्या राज्यात शेत आहे त्या राज्याचा नियम मात्र कन्नड परिपत्रकात आला आणि गेला. बेळगावच्या मराठी पेपरात चार ओळी आल्या असतील, त्या कुणी वाचल्या नाहीत. मी स्वतः ते परिपत्रक ऑक्टोबरमध्ये वाचलं होतं. पण माझ्याकडं कुणी विचारायला आलं नाही आणि मीही कुणाच्या दारात जाऊन सांगितलं नाही. केबलवर मोटर चालवणारी गावातली अकरा घरं मला तोंडपाठ होती. तारखेच्या आधी महिनाभर मला कळायला हवं होतं आणि कळल्यावर त्या अकरा दारांत जायला हवं होतं.

समोर असलेले पर्याय

लाईन स्वतः ओढून घ्यायची, हा पहिला. ठेकेदारानं शेत पाहून साडेचार लाखांच्या आसपास अंदाज दिला: अकरा केव्हीची लाईन, खांब आणि पंचवीस केव्हीएचा टीसी. त्यानंतर वीज मोफत, पण सात तास, आणि ते सात तास दिवसा की रात्री हे आपल्या हातात नाही. आमच्या शिवारात रात्री पाणी पाजायला जाणं म्हणजे गवे, अस्वल, कधी हत्ती. हत्ती आल्याची बातमी आली की आठ दिवस कुणी वस्तीबाहेर पडत नाही. आईंनी हा पर्याय पैशाआधी याच कारणावरून बाजूला सारला. मोटर रात्री सुरू करायला जाताना त्यांचे दीर गव्याच्या शिंगावर गेले होते.

डिझेल सुरू ठेवायचं, हा दुसरा. आजचा खर्च माहीत, उद्याचा नाही.

तिसरा पर्याय थांबून राहायचा. पीएम-कुसुम या केंद्राच्या सौर शेतीपंप योजनेच्या 'क' घटकात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा अख्खा फीडर, म्हणजे शिवारातल्या पंपांना वीज पुरवणारी मुख्य लाईन, दिवसा चालवायचं काम कर्नाटकात सुरू आहे. मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते, वीज कंपनी ती वीज ठरल्या दरानं पंचवीस वर्षं विकत घेते. माझ्या मते राज्यासाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग हाच, कारण त्यात शेतकऱ्याला काही सांभाळावं लागत नाही आणि आहे त्याच मोटरीला दिवसाची वीज मिळते. पण ज्याच्या शेतात लाईनच नाही त्याला फीडरचा काय उपयोग? सहाशे वीस मीटरचा प्रश्न तिथंही तसाच राहतो.

चौथा, कुसुमच्या 'ब' घटकातला सौरपंप. तीन एचपीला तीन हजार वॉटचे पॅनेल, पाच एचपीला अठ्ठेचाळीसशे. पाच वर्षं देखभाल आणि विमा पुरवठादाराकडं. पाच एचपीचा शेतकऱ्याचा हिस्सा त्यांना पाऊण लाखाच्या आत सांगितला गेला.

सरकार सौरपंपाकडं का ढकलतंय, हे थोरल्यांनी मला विचारलं. त्यांना यात काहीतरी डाव वाटत होता. मी हिशोब मांडून दाखवला. पाच एचपी म्हणजे तीन पूर्णांक सात किलोवॉट. रोज सात तास, वर्षाला दोनशे दिवस मोटर चालली तर पाच हजार युनिटच्या वर. ती वीज शेतकऱ्याला मोफत असली तरी तिचे पैसे सरकार वीज कंपनीला भरतं, दरवर्षी, मोटर आहे तोवर. त्याऐवजी एकदाच पन्नास टक्के देऊन मोकळं होणं सरकारला परवडतं, शिवाय कोळशाची तेवढी वीज वाचते. यात डाव काही नाही. पण देखभालीची जबाबदारी सरकारच्या खांद्यावरून उतरून शेतकऱ्याच्या अंगणात येते, एवढं मात्र खरं. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट समजावलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये ते सगळ्यांनाच समजलं.

निर्णयाचे तीन टप्पे

पहिली अडचण उताऱ्याची. आरटीसीवर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबारावर, अजून वडिलांचंच नाव, ते जाऊन सहा वर्षं झालेली. वारसा लावल्याशिवाय अर्ज पुढं जात नाही. वारसात आई, दोन भाऊ आणि आक्का. आक्काचं आधार महाराष्ट्रातलं, लग्नानंतरचं नाव वेगळं. तिचं माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला आणि तीन खेपा. दाजी दर खेपेला मोटरसायकलवरून घेऊन यायचे. आक्कानं हक्कसोड द्यावी, असं धाकट्याच्या मनात होतं. थोरले म्हणाले, "नको. तिचं नाव राहू दे. पंपाला तिची संमती घेऊया, जमिनीला हात नको." मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. घाई होती, सही मागितली असती तर तिनं केलीही असती. पंपाच्या निमित्तानं बहिणींच्या सह्या घेऊन नावं कमी झालेली मी या तालुक्यात पाहिली आहेत.

दुसरा टप्पा थांबण्याचा, आणि इथं चूक झाली. वारसा लागेपर्यंत जून उजाडला. जूनअखेरच्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली, आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचीही जोरात चर्चा सुरू झाली: सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. दाजींनी अर्ज भरला. नागपंचमीला आक्का माहेरी आली तेव्हा ओट्यावर हाच विषय.

"तुमच्यात वीस टक्के? आमच्यात दहा."

"मग इकडं पण करतील की. निवडणुका झाल्यात, कमी करतीलच."

त्या 'करतीलच'वर तीन महिने गेले. केंद्राचे ३० टक्के दोन्हीकडं सारखेच. त्यावर भर किती घालायची हे ज्या त्या राज्यानं ठरवायचं. कर्नाटकानं ५० घातले, महाराष्ट्रानं ६०. सीमेवर राहणाऱ्या माणसाला ही तुलना टाळता येत नाही, कारण बांधापलीकडं बहीणच राहते. पण तुलना करून फायदा तेव्हाच, जेव्हा दोन्हींतलं एक निवडायची मुभा असते. इथं जमीन कर्नाटकात, म्हणजे योजना कर्नाटकाचीच. सीमाप्रश्नाबद्दल माझी मतं आहेत आणि ती मी लपवत नाही, पण उन्हाळी भुईमूग त्या निकालाची वाट पाहत नाही. मी हे थोरल्यांना ऑगस्टमध्येच ठणकावून सांगायला हवं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अखेर सौरमित्र पोर्टलवर अर्ज भरला.

तिसरा टप्पा तीन एचपी की पाच एचपी. धाकट्याचं म्हणणं, अनुदानातच मिळतंय तर मोठी घ्या. थोरल्यांना तीन पुरेशी वाटत होती, पण त्यांच्याकडं तसं म्हणायला आकडा नव्हता. आकडा मिळवायचा मार्ग साधा होता: जनरेटर आणून बोअर सलग पाच-सहा तास चालवायची आणि पाणी मोजायचं. मी सुचवलं, धाकटा म्हणाला की परत चौदाशे-पंधराशेचं तेल जाईल. मी आग्रह धरला नाही. पाच एचपी ठरली.

काम

फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅनेल बसले. सिमेंटचे पाय, वर लोखंडी चौकट, बाजूला, वीज पडली तर ती जमिनीत उतरावी म्हणून उंच सळई. चौकटीला खाली एक पिन आहे. ती काढली की पॅनेल पुढं-मागं झुकतात, उन्हाळ्यात आडवे, हिवाळ्यात उभट. बसवणाऱ्या पोरानं हे दोन मिनिटांत हिंदीतून सांगितलं आणि तो निघून गेला. ते लक्षात ठेवलं फक्त वहिनींनी. आता पिन त्याच फिरवतात. गावातल्या तांबड्या रस्त्याची धूळ पॅनेलवर बसते, ती दर चार दिवसांनी सकाळी लवकर, काच तापायच्या आत, ओल्या फडक्यानं पुसायची हेही त्यांनीच लावून घेतलं. पुसायच्या आधी आणि नंतर पाण्याच्या धारेत पडणारा फरक त्यांनी मला उभं करून दाखवला.

करार नऊ पानांचा, कन्नड आणि इंग्रजीत. मी वाचून दाखवला, पण सगळा नाही. पैसे, हमीची मुदत, विमा एवढंच वाचलं. पान सातवर तक्रार कशी नोंदवायची, किती दिवसांत माणूस आला पाहिजे, नाही आला तर वर कुणाकडं जायचं, हे सगळं होतं. उशीर झाला होता, चहा आला होता, मी पान उलटलं.

पहिला उन्हाळा

पहिला महिना आनंदात गेला. सकाळी साडेआठला मोटर आपोआप उचलते, संध्याकाळी पाचला बसते. रात्रीचं शेतात जाणं बंद झालं. आई म्हणाल्या, "आता झोप लागते मला." माझ्या दृष्टीनं हे या पंपाचं सर्वांत मोठं फळ.

मार्चअखेर मोटर मध्येच थांबू लागली. पंधरा-वीस मिनिटं जोरात पाणी, मग धार तुटते, हवा ओढल्याचा आवाज आणि कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेलची वीज मोटरला देणाऱ्या पेटीवर, लाल दिवा. धाकट्याला वाटलं पंप खराब आला. पंप ठीक होता. बोअरमधलं पाणी संपलं की मोटर जळू नये म्हणून कंट्रोलर ती बंद करत होता.

एप्रिलमध्ये कंट्रोलर खरोखरच गेला. पडदा कोरा. तक्रारीच्या नंबरवर फोन केला तर आधी कन्नड, मग इंग्रजी, एक दाबा, दोन दाबा. धाकट्यानं दोनदा फोन कापला आणि तिसऱ्यांदा बसवणाऱ्या पोराच्या खासगी मोबाईलवर लावला. 'येतो, येतो' करत तो दहा दिवस आला नाही. मग थोरले माझ्याकडं आले. मी सातवं पान काढलं, रीतसर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक घेतला. नऊ दिवसांत नवा कंट्रोलर बसला. एकूण एकोणीस दिवस. पहिले दहा पूर्ण वाया, कारण कागदावर तक्रारच नव्हती. त्या एकोणीस दिवसांत भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे जमिनीत जाऊन शेंग धरणारे देठ, सुटत होत्या. जनरेटर नऊ तास आणला, पण अर्धं पीक वाळलंच. वर त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोचला, त्याआधीच आमच्याकडं वळवानं झोडपलं. उरलेला भुईमूग काढायच्या आत चिखलात गेला. आधी पाण्याअभावी, नंतर पाण्यानं. हवामान बदललंय म्हणजे काय, हे या कुटुंबाला वेगळं शिकवायची गरज उरली नाही.

नवा कंट्रोलर बसल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही ते मोजमाप केलं, जे ऑक्टोबरमध्ये करायला हवं होतं. दोनशे लिटरचं निळं बॅरल, धाकट्याच्या मोबाईलवरचं घड्याळ, वहिनींच्या हातात वही. पहिलं बॅरल साठ सेकंदांत भरलं. धाकटा माझ्याकडं बघून हसला. सतराव्या मिनिटाला धार तुटली. मग आम्ही झडप आवळत आवळत असा वेग शोधला की धार तुटत नाही. तो निघाला चार मिनिटांना एक बॅरल, म्हणजे तासाला तीन हजार लिटर. दिवसाचे सहा चांगले तास धरले तर अठरा हजार, वर रात्रभर साठलेलं दोन-अडीच हजार. एकूण वीस हजाराच्या आसपास.

आता उसाचं बघा. भर उन्हाळ्यात ऊस दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी पितो. एकराला सव्वीस हजार लिटर. म्हणजे बोअरचं सगळं पाणी दिलं तरी एक एकर ऊससुद्धा पुरा भिजत नाही, भुईमूग आणि मिरची तर लांबच. तीन एचपी घेतली असती तरी पाणी एवढंच मिळालं असतं, हिस्सा कमी भरावा लागला असता आणि मोटर अशी सारखी चालू-बंद झाली नसती. धाकटा बराच वेळ वहीकडं बघत बसला. नंतर त्यानं स्वतःच झडपेवर रंगाची खूण केली, तिच्यापुढं उघडायची नाही म्हणून.

सूर्याचं बिल येत नाही, म्हणून मोटर दिवसभर चालू ठेवली तरी कुणी विचारत नाही. डिझेलच्या काळात निदान तेलाच्या दरामुळं हात आखडता राहायचा. आमच्या गावात आता चार सौरपंप झालेत, चारही एकाच ओढ्याच्या काठानं. खालच्या बाजूच्या झऱ्यावर मे महिन्यात बाया रांग लावतात, त्याच ओढ्याचा तो झरा. हा मुद्दा मी ग्रामसभेत काढला तेव्हा लोकांना आवडला नाही, तरी परत काढणार आहे.

निकाल

ऊस अर्ध्या एकरावर आणला, त्याला ठिबक केलं. खोडवा ठेवायचा नाही असं थोरल्यांनी ठरवलं. धाकट्याला ते पटलेलं नाही, कारण कारखान्याचे पैसे एकरकमी येतात आणि मिरचीचे तसे येत नाहीत. त्याचंही खोटं नाही. माळावर वीस हजार लिटरचं प्लास्टिक अंथरलेलं तळं खोदलं. दिवसभर मोटर खुणेवर संथ चालते, तळ्यात पाणी चढतं, तिथून उतारानं ठिबकला जातं. उन्हाळी भुईमूग सोडून मिरची आणि वाली धरायचं ठरलं आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन दगडी बांध घालायचं काम शेजाऱ्याबरोबर मिळून करायचं चाललं आहे. हा तोच केबलवाला शेजारी.

डिझेलचा खर्च त्या हंगामात नऊ तासांचा, म्हणजे अठरा लिटर. २०२३च्या त्या दुष्काळी हंगामात तो दोनशे वीस लिटर होता. दाजींचा दहा टक्क्यांचा पंप आमच्यानंतर बसला. त्यांनी बसवायच्या आधी बॅरल लावून पाणी मोजलं, धाकट्यानं स्वतः जाऊन मोजून दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

बोअर मोजायला लागणारं पंधराशेचं तेल वाचवलं आणि एचपीचा निर्णय अंदाजानं घेतला, ही सर्वांत महाग पडलेली काटकसर. आता माझ्याकडं कुणी अर्ज भरायला आलं की मी आधी बॅरलचा आकडा मागतो. दोघं रागावून गेले, एक मोजून परत आला.

करार पूर्ण वाचून दाखवायचा. आता मी तक्रारीचं पान मराठीत लिहून, नंबर कसा दाबायचा तेही लिहून, मोटरघरात चिकटवून देतो. हे काम खरं तर योजना राबवणाऱ्यांचं आहे. ज्या तालुक्यात गावंच्या गावं मराठी बोलतात तिथं दोन पानांची मराठी माहितीपत्रिका छापायला किती खर्च येईल? अनुदानाच्या तुलनेत काहीच नाही. मी तसं निवेदन दिलं आहे, कन्नडमधून दिलं आहे, आणि पोच घेतली आहे.

२२ सप्टेंबरची तारीख हुकली नसती तर काय झालं असतं, यावर आम्ही बरंच बोललो. शेत पाचशे मीटरच्या बाहेर असल्यामुळं कदाचित तेव्हाही सौरपंपच पदरात पडला असता. पण गावातल्या उरलेल्या दहा केबलवाल्या घरांपैकी सहा घरं पाचशे मीटरच्या आत आहेत. त्यांची नोंद झाली असती तर त्यांना लाईन मिळाली असती. त्यांच्या केबली अजून गवतातच आहेत. गेल्या पावसाळ्यात मी त्या सहाही दारांत जाऊन आलो. दोघांची वारसा नोंद सुरू केली आहे.

देखभालीची पाच वर्षं फेब्रुवारी २०३० मध्ये संपतात. त्यानंतरचा कंट्रोलर स्वतःच्या खिशातून. वहिनींनी मिरचीच्या पहिल्या पट्टीतून त्यासाठी सोसायटीत वेगळं खातं उघडलं आहे, आणि ती तारीख मोटरघराच्या दारावर तांबड्या रंगानं लिहिली आहे, मराठीत.